व्याही, टर्की आणि बटणाची छत्री

टर्कीच्या शिकारीला मी छत्री घेऊन गेलो.

नुसती घेऊन गेलो असतो तरी निभावलं असतं. मी ती उघडली. तीही बटणाची, काळी, फट्‌ करून उघडणारी. आणि अशा क्षणी उघडली, ज्याची माझे व्याही मागच्या मे महिन्यापासून वाट बघत होते. पण हे रविवारचं झालं. मी शुक्रवारपासून सांगतो, म्हणजे छत्रीपर्यंत पोचेतो तुम्हाला माझ्याबद्दल थोडी सहानुभूती वाटायला लागलेली असेल.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहतो. इथे आपली माणसं इतकी आहेत की ऐनवेळी कढीपत्ता संपला तर शेजारी मागता येतो. रानटी टर्की म्हणाल तर आमच्याही रस्त्यावरून त्यांचा घोळका रमतगमत जातो, आणि आम्ही गाड्या थांबवून, गावाकडे म्हशींना देतात तशी, त्यांना वाट देतो. त्यांना मारण्यासाठी कुणी पहाटे उठून पावसात बसत असेल, हे मला सई व्हरमाँटला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

सई माझी मुलगी. जन्म इथलाच. डॉक्टर झाली, पण गाईंची. व्हरमाँटमध्ये डेअऱ्यांवर हिंडता हिंडता तिला केलेब भेटला. तो चीज बनवतो. मुलगा गुणी आहे, वरणभात हातानं खातो, तक्रारीला जागा नाही. लग्न ठरलं. गुरुजींनी तुळशीच्या लग्नानंतरचा, नोव्हेंबरातला एक शनिवार काढून दिला. त्यानंतर म्हणे थेट पुढच्या वर्षी. त्याच सुमारास नागपूरहून माझ्या सासूबाई येणार. बर्फ साचायच्या आत त्यांना परत जायचंय, आणि नातीच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय त्या परतीच्या विमानात पाय ठेवणार नाहीत. हॉल मिळाला, केटरर मिळाला, आणि मग सईचा फोन आला.

"बाबा, प्रॉब्लेम आहे. त्या सॅटर्डेला डिअर सीझन ओपन होतो."

"मग?"

"मग डेल येऊ शकणार नाहीत."

"स्वतःच्या मुलाच्या लग्नाला?"

"बाबा, इट्स ओपनिंग डे," ती अशा सुरात म्हणाली, जसं काही मी दिवाळी कशाला म्हणतात असं विचारलं होतं.

डेल म्हणजे केलेबचे वडील. लग्नात काय काय आडवं येऊ शकतं याची आम्ही मनाची तयारी करून ठेवली होती. मंगळ, गोत्र, हॉलचं पार्किंग. हरीण नव्हतं धरलेलं. माझी बायको वृंदा म्हणाली, तुम्ही जाऊन समोरासमोर बोला. सई म्हणाली, मेमध्ये टर्कीचा सीझन असतो, डेलबरोबर जा ना, ही विल लव्ह इट. निघताना वृंदानं बजावलं की नरमाईनं बोला पण तारीख सोडू नका. सईनं बजावलं की प्लीज, वीअर्ड वागू नका. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, कोंबडीच मारायची तर इतक्या लांब कशाला जाता?

शुक्रवार

व्याह्यांच्या घरापर्यंत शेवटचा रस्ता मातीचा आहे. तीन दिवस पाऊस पडत होता. घर दिसायला लागलं, ओसरीवर हात हलवणारी दोन माणसंही दिसायला लागली, आणि माझी हायब्रिड गाडी चाकांनी जागच्या जागी चिखल घुसळत बसली. मुलीकडच्यांची पहिली एंट्री अशी झाली. डेल ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी अडकवली, आणि मी चालकाच्या जागी बसून, स्टिअरिंग धरल्याचा अभिनय करत, त्यांच्या अंगणात ओढला गेलो. वरात म्हणावी तर वरात, पण उलट्या दिशेची.

डेल सत्तरीकडे झुकलेले. जन्मभर गावचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला, आता निवृत्त. बोलणं कमी. त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत देतो आहे आणि व्याही म्हणून 'तुम्ही'मध्ये देतो आहे. त्यांना स्वतःला याची काही कल्पना नाही. मुलाकडचे असणं म्हणजे काय, हेच बिचाऱ्यांना माहीत नाही. त्यांनी मला पहिल्या मिनिटाला "रवी, बूट काढू नका, फरशी आपलीच आहे," म्हटलं. पण मुलीच्या बापाचा कमरेतला तो किंचित बाक मी नागपूरहून इथवर आणलेला आहे. कस्टमवाल्यांनीही तो काढून घेतला नाही. मी बूट काढले. फरशी गार होती. दोन दिवस मी गार फरशीवर मोज्यांनी हिंडलो आणि बाकीचे सगळे बूट घालून.

विहीणबाईंचं नाव मार्शा. त्यांनी हरणाच्या मटणाचा रस्सा केला होता, आणि फिडलहेड नावाची एक रानभाजी. नेचाचे कोवळे कोंब असतात, गोगलगाईसारखे गुंडाळलेले. पावसाळी वसंतात ओढ्याकाठी उगवतात आणि फार थोडे दिवस मिळतात. चव आपल्या शेवग्याच्या शेंगेच्या जवळपास. त्या ते लोण्यात परतून मीठ टाकतात आणि थांबतात. मला राहवलं नाही. मी विचारलं, थोडी मोहरी-हिंगाची फोडणी देऊ का? हिंगाची डबी माझ्या बॅगेत होती, का होती ते विचारू नका. फोडणी दिली आणि स्वयंपाकघरातला धूर सांगणारा भोंगा वाजायला लागला. डेल शांतपणे उठले, खुर्चीवर चढले, आणि त्यातली बॅटरी काढून खिशात टाकून परत जेवायला बसले. भाजी मात्र दोनदा घेतली.

वृंदानं पुरणपोळ्या आणि चकल्या दिल्या होत्या. पुरणपोळीवर त्यांनी घरच्या मेपलचा पाक ओतला. मी डोळे मिटून घेतले. तूप त्यांच्या हाताशीच होतं. पण चकली बघून त्यांचा चेहरा बदलला. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी दिव्याजवळ धरून तिची वेटोळी निरखली. मला वाटलं, हीच वेळ.

मी म्हटलं, नोव्हेंबरात लग्न असलं की अशा डबेच्या डबे येतील.

मार्शा छताकडे बघायला लागल्या. डेलनी चकली ताटलीत ठेवली, अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखी.

"रवी," ते म्हणाले, "नोव्हेंबरात आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही. थांबतात."

यावर मार्शा म्हणाल्या की केलेबसुद्धा थांबला असता तर बरं झालं असतं. तो नोव्हेंबरातच झाला आणि त्याचे वडील त्याला बघायला अंधार पडल्यावर आले, अंगाला हरणाचा वास घेऊन. डेल म्हणाले, आलो ना. एवढ्यावर तो विषय दोघांनीही सोडला. तो किती वर्षं असाच सोडला जातोय हे त्यांच्या सोडण्यावरून कळत होतं.

शनिवार

पहाट म्हणजे आपल्याकडे काकड आरतीची वेळ असते, त्याच्याही आधी दारावर टकटक झाली. मी तयार होतो. सुती बनियनवर स्वेटर, त्यावर निळा रेनकोट, डोक्याला वृंदानं विणलेली लाल कानटोपी, आणि गारवा लागू नये म्हणून गळ्याला पांढरा रुमाल. डेलनी टॉर्च माझ्यावर पायापासून डोक्यापर्यंत फिरवला.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. नर टर्कीला इथे टॉम म्हणतात. वसंतात मारायचा तो टॉमच, मादी नाही. आणि जोशात आलेल्या टॉमचं डोकं नेमक्या तीन रंगांचं असतं: लाल, पांढरा, निळा. त्यामुळे झुडपाआड हे तीन रंग हलताना दिसले की पलीकडच्या माळावरचा कुणीही उत्साही माणूस आधी चाप ओढतो, मग जवळ येऊन बघतो. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशीसुद्धा मी या देशाच्या झेंड्यासारखा इतका दिसलो नव्हतो. मला घरात परत नेऊन केलेबचे जुने, पानाफांद्यांचं चित्र छापलेले कपडे घालण्यात आले. विजार इतकी लांब की तिच्या तळाशी अजून एखादं छोटं रान मावलं असतं. तोंडावर जाळी. आरशात बघितलं तर मुलीचा बाप पूर्ण नाहीसा झालेला.

छत्री तेवढी मी आतल्या खिशात सरकवली. घडीची होती, दिसत नव्हती. तुम्ही म्हणाल, कशाला? अहो, पाऊस पडत होता. पावसात बाहेर पडताना छत्री न्यायची नसते, हे ज्या संस्कृतीत शिकवतात तिथे मी वाढलेलो नाही.

आम्ही माळाच्या कडेला एका जुन्या हेमलॉकला पाठ लावून बसलो. हा सुरूसारखा दिसणारा एक झाड-राक्षस, याच्या प्रत्येक सुईतून एक एक थेंब मोजून मानेत सोडला जातो. बंदूक डेलच्या मांडीवर. माझ्याकडे परवाना नाही, आणि नसल्याबद्दल मी त्या दोन दिवसांत देवाचे जितके आभार मानले तितके ग्रीन कार्ड मिळाल्याबद्दलही मानले नव्हते. समोर, माळावर, डेलनी एक रबरी मादी खोचून ठेवली होती. आणि त्यांच्या हातात होती पेटी.

पेटी म्हणजे बोटभर रुंद, वीतभर लांब लाकडी डबी. वर एक फळी, एका टोकाला खिळ्यानं अडकवलेली. फळीला खडू लावून ती डबीच्या काठावर घासायची, की मादीचा आवाज निघतो. डेल ती लग्नाआधीपासून वाजवतात. तोंडात धरून वाजवायचं एक साधनही मिळतं, पण कवळी बसवल्यापासून त्यांना ते जमत नाही. एकदा ते वाजवायला गेले तर मादीच्या हाकेबरोबर कवळीही माळावर गेली, असं मार्शा सांगतात. पेटीचं दुखणं एकच: खडू ओला झाला की मुकी होते. म्हणून ती पावाच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात आणि पिशवीसकट वाजवतात.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाट, पाऊस, तोंडाला जाळी लावलेले एक घरंदाज आजोबा, आणि ते लाडिक, अधीर, जरासा रुसलेला असा मादीचा आवाज काढून अंधाराला विनवतायत. शेजारी मी, साक्षीदार. कुणी फोटो काढला असता तर लग्न आपोआप मोडलं असतं.

टॉम कुठल्यातरी झाडावर बसून एकदा बोलला. टाकीतून पाणी गडगडत उतरावं तसा आवाज. डेलचं सगळं शरीर ताठ झालं. मग पाऊस वाढला आणि दुपारपर्यंत काहीही झालं नाही. दुपारपर्यंतच, कारण इथे नियम आहे: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून माध्यान्हीपर्यंत. बाराच्या पुढे चाप ओढला तर गुन्हा. मी डेलना म्हटलं, आमच्याकडेही शुभ घटका अशीच सांगतात, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत. त्यांना ते पटलं. त्यांच्या पंचांगात ग्रहांच्या जागी प्राणी आहेत, एवढाच फरक.

परतताना त्यांनी मला टॉमचा स्वभाव सांगितला. हा विशिष्ट टॉम त्यांना गेल्या वर्षापासून चकवतोय. हाक ऐकतो, उत्तर देतो, माळाच्या पलीकडच्या कडेला येतो, पिसारा फुलवून उभा राहतो, आणि तिथेच थांबतो. बंदुकीच्या टप्प्यात येत नाही. कारण, डेल म्हणाले, निसर्गात मादीनं त्याच्याकडे चालत जायचं असतं. त्यानं आवाज द्यायचा, मिरवायचं, आणि तिनं यायचं. आपण त्याला उलट्या रीतीनं बोलावतोय.

मी मान डोलावली. हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. याला आमच्याकडे वरपक्ष म्हणतात.

जेवणानंतर मी पुन्हा धीर केला. सरळ सांगितलं: गुरुजी, सासूबाई, हॉल. विनवणीत पेटीपेक्षा माझा आवाज कमी नव्हता. डेलनी ऐकून घेतलं. म्हणाले, त्यांचे आजोबा, वडील, दोन भाऊ, सगळे त्या शनिवारी डोंगरातल्या एका खोपट्यात असायचे. त्याला इथे कॅम्प म्हणतात. आता भाऊ आणि ते, तिघंच. धाकट्या भावाचं हृदय नाजूक झालंय. किती शनिवार उरलेत कोण जाणे. मग माझी दया येऊन म्हणाले:

"लग्न वसंतात करू. आणि नोव्हेंबरात तुम्ही कॅम्पला या. घरचे झालात. एक खाट रिकामी आहे."

त्या माणसानं मला त्याच्या देवघरात बोलावलं होतं. मुलीच्या बापानं व्याह्यांना नाही म्हणायचं नसतं. मी म्हटलं, हो, नक्की, आनंदानं.

रात्री वृंदाचा फोन आला. काय झालं तारखेचं? मी म्हटलं, तारीख गेली, पण मला खाट मिळाली. मग ती म्हणाली, आईला तुम्हीच सांगा, आणि ठेवला. सासूबाईंना ते कसं सांगायचं याच्या मी झोपेत तालमी केल्या. प्रत्येक तालमीत त्या एकच प्रश्न विचारत होत्या: आणि कोंबडी?

रविवार

पुन्हा तोच हेमलॉक, तेच थेंब. निघताना मार्शांनी चकल्या कागदी पिशवीत घालून दिल्या होत्या. डेलनाच हव्या होत्या. रानात चकली कशी खायची याचं तंत्र त्यांनी शनिवारीच बसवलं होतं: चावायची नाही, गालात धरून ठेवायची, मऊ पडली की जिभेनं दाबायची. मला ते बघवत नव्हतं. चकली मऊ पडणं हा आमच्याकडे घरच्या बाईचा अपमान आहे. वृंदानं दोन दिवस उभं राहून तळल्या होत्या. कागदी पिशवी भिजायला लागली, तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला.

पेटी माझ्याकडे होती. डेलनी विश्वासानं सांभाळायला दिली होती, त्यांना दुर्बिणीतून माळ बघायचा होता. पेटी पावाच्या पिशवीत. कोरड्या, घट्ट, उत्तम पिशवीत. मी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा चकल्यांकडे.

पेटी काय, लाकूडच की, असं मला वाटलं. मी पेटी बाहेर काढून मांडीवर ठेवली आणि चकल्या पिशवीत भरून तोंडाला गाठ मारली. घरच्या बाईची अब्रू वाचली.

आणि टॉम बोलला. जवळ. पाऊस किंचित ओसरला होता, माळावर धुकं होतं, आणि त्या धुक्यातून पलीकडच्या कडेला तो बाहेर आला. कुत्र्यासारखं अंग झाडलं, आणि ओला, जड पिसारा उघडला. खोटं कशाला बोलू, मी गार झालो. आमच्या रस्त्यावर कचऱ्याच्या डब्याशी रेंगाळणाऱ्या टर्कीचा हा नातेवाईक वाटतच नव्हता. तांब्याच्या भांड्यासारखी चकाकी, आणि डोकं खरंच लाल, पांढरं, निळं. तो रबरी मादीकडे बघत होता आणि थांबला होता. तिनं यावं.

डेलनी डोळे न हलवता माझ्याकडे हात पसरला. पेटी.

मी पेटी उचलली. फळीवरून पाण्याचा एक ओघळ माझ्या मनगटावर आला. डेलच्या बोटांना ओल लागली असती तर पुढचं मागचं सगळं संपलं असतं. त्यांनी अजून मान वळवली नव्हती. मी विचार केला की निदान आणखी तरी भिजू नये, रुमालानं पुसू, वरून आडोसा करू. आडोसा. खिशातली छत्री हातात आली आणि बटण दाबलं गेलं.

फट्‌.

हेमलॉकखाली, आमच्या दोघांच्या मध्ये, काळीभोर, गोल, काड्या ताणलेली छत्री उभी राहिली. पाण्याचे थेंब तिच्यावरून सगळीकडे उडाले. डेल माझ्याकडे बघत होते. बर्फाच्या ट्रकपुढे भर वादळात कुणी पलंग टाकून झोपलेला दिसला असता, तर त्यांनी असंच बघितलं असतं.

माळाच्या पलीकडे टॉमनंही बघितलं. आणि इथे मला निसर्गाबद्दल काहीतरी शिकायला मिळालं. टॉम मादीकडे चालत जात नाही हे खरं. पण दुसऱ्या टॉमनं त्याच्या माळावर पिसारा फुलवला, आणि तोही त्याच्याहून मोठा, त्याच्याहून काळा, तर तो चालत येत नाही. धावत येतो.

तो आला. मान पुढे, पंख खाली, पाय असे टाकत, जसा लग्नात मानपान चुकल्यावर मंडपाकडे निघालेला मामा. जो पक्षी वर्षभर टप्प्यात येत नव्हता, तो आता टप्प्यात होता, टप्प्याच्या अलीकडे होता, आमच्या अंगावर होता. डेलनी बंदूक खांद्याला लावली. यापुढे मी फक्त बसून राहायचं होतं. जगातल्या कुठल्याही दगडाला ते जमलं असतं.

मी उभा राहिलो. छत्री ढालीसारखी पुढे धरली आणि "व्याही, व्याही!" असं शुद्ध मराठीत ओरडत नेमका बंदूक आणि टर्की यांच्या मध्ये गेलो. टॉमनं छत्रीला लाथ मारली. त्याच्या पायाला मागे काट्यासारखी नखं असतात, ती कापडातून आरपार आली आणि माझ्याकडे बघून परत गेली. मी माळावर पळालो. छत्री सोडून द्यावी हे मला सुचलं नाही. ती वृंदाची होती. त्यामुळे टॉमला दिसत होतं ते असं: प्रतिस्पर्धी पळतोय, पण पिसारा मिटत नाहीये. तो मागे. केलेबची विजार पायात अडकून मी रबरी मादीवर पालथा पडलो, वारा छत्रीत शिरला, छत्री उलटी झाली. टॉमनं एकदा त्या उलट्या पिसाऱ्याकडे बघितलं. असं काही त्यानं आधी पाहिलेलं नसावं. आवाज न करता तो धुक्यात निघून गेला.

मी वळून बघितलं. डेलनी बंदुकीतली काडतुसं काढली होती आणि ते झाडाला टेकून बसले होते. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेलो तर माणूस आवाज न करता हसत होता. शिकाऱ्याचं हसणं, तेही दबा धरून. मग त्यांची नजर माझ्या हातून गवतात पडलेल्या ओल्या पेटीकडे गेली, तिथून गाठ मारलेल्या पिशवीतल्या कुरकुरीत चकल्यांकडे गेली, आणि हसू हळूहळू थांबलं.

घरी येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो. अपराध्याला गप्प बसवत नाही. पेटी मार्शांनी चुलीपासून लांब, टॉवेलवर वाळत ठेवली. वाळेल म्हणाल्या, यापेक्षा वाईट भिजलीय. डेलनी छत्री उचलली, वाकलेल्या दोन काड्या हातानं सरळ केल्या, बटण दाबून मिटली, दाबून उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच चकलीच्या वेळचं ते कौतुक दिसलं.

"ही इथेच ठेवून जाल का?" त्यांनी विचारलं. "पुढच्या मेसाठी."

माझी छाती फुगली. दोन दिवसांत पहिल्यांदा कमरेचा बाक सरळ झाला. शिकारीच्या शास्त्रात मी भर घातली होती. मी म्हटलं, ठेवा की, हक्कानं ठेवा. आणि त्या भरात, व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पुढे म्हणालो, "नोव्हेंबरात कॅम्पला येताना मी मोठी आणतो. आमच्याकडे एक गोल्फची आहे, तिच्याखाली तुमचे दोन्ही भाऊ मावतील."

डेल खुर्चीत बसले. मार्शांनी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली, ती त्यांनी घेतली नाही. मग त्यांनी मला विचारलं की त्या विधींमध्ये मुलीच्या बापाचं काम काय असतं. मी उत्साहानं सांगितलं: सकाळपासून गुरुजींसमोर पाटावर बसायचं, सांगतील ते हातात धरायचं, सांगतील तेव्हा सोडायचं, मध्ये उठायचं नाही.

"उठायचंच नाही?"

"अजिबात नाही."

"सकाळभर?"

"दुपारचं जेवण होईस्तोवर."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. नोव्हेंबरचं पान उघडलं. त्या शनिवारभोवती जुन्या सवयीनं लाल गोल काढलेला होताच. त्यावर त्यांनी बोट ठेवलं, धाकट्या भावाला आपण समजावू असं मार्शांना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले.

"लग्न याच दिवशी करू या."

मला कळेना. मी म्हटलं, अहो, पण तुमचा सीझन? तुमची हरणं?

"त्यासाठीच," डेल म्हणाले. "लग्न नसलं तर तुम्ही कॅम्पला याल."